लाइव्ह रॉकवर काय उगवलंय? ठाण्यातल्या एका नव्या खाऱ्या टाकीचं प्रकरण

पार्श्वभूमी

ठाण्यातलं एक कुटुंब. आजोबा बँकेतून निवृत्त झालेले, गोड्या पाण्यातले मासे आयुष्यभर पाळलेले. गप्पी, एंजल, डिस्कस, सगळं करून झालं होतं. खाऱ्या पाण्याची टाकी मात्र पहिलीच. घरात मुलगा, सून आणि सात वर्षांची नात. सून नोंदी ठेवण्यात काटेकोर, आणि त्या नोंदींमुळेच हे प्रकरण इतक्या तपशिलात लिहिता येतंय. कुणाची ओळख पटू नये म्हणून नावं आणि काही किरकोळ गोष्टी गाळल्या आहेत. मी या घरी सल्ला द्यायला जात होते.

टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर साधारण 255 लिटर. आरओच्या पाण्यात सागरी मीठ कालवून घनता 1.025 वर आणलेली, तापमान 26 अंश, एक स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारं यंत्र), दोन पॉवरहेड (पाणी खेळतं ठेवणारे छोटे पंप). मासे अजून एकही नव्हते. आत होता तो फक्त वाळूचा थर आणि 25 किलो लाइव्ह रॉक, म्हणजे जिवाणू आणि इतर जीव वस्तीला असलेला सच्छिद्र दगड.

हा रॉक आला कुठून, हे इथे महत्त्वाचं आहे. बदली झाल्यामुळे टाकी बंद करणाऱ्या एका हौशी माणसाकडून तो घेतला होता. त्याने तो काही वर्षांपूर्वी सिमेंट, वाळू आणि शिंपल्यांचा चुरा मिसळून स्वतः ओतला होता आणि चालत्या टाकीत मुरवला होता. आजोबांनी पैसे देण्याआधी हे विचारून घेतलं, दगड उलटसुलट करून पाहिले, कुठे प्रवाळाच्या सांगाड्याची चांदणीसारखी नक्षी दिसते का ते तपासलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत चांगला निर्णय. आपल्याकडे दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रातून तोडून आणलेला प्रवाळाचा दगड विकणं आणि घेणं, दोन्ही गुन्हा. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत, तिथे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, आणि ते प्रवाळ तिथेच राहायला हवेत. दगडाचा उगम सांगता न येणाऱ्या विक्रेत्याकडून काहीही घेऊ नये, मग भाव कितीही कमी असो.

लाइव्ह रॉक टाकीत का घालतात? त्याच्या छिद्राछिद्रांत जिवाणू वस्ती करून असतात. विष्ठेतून आणि कुजण्यातून सुटणाऱ्या अमोनियाचं ते आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. हे चक्र बसल्याशिवाय मासा सोडायचा नसतो. पण जिवाणूंबरोबर त्या दगडावर बसलेलं बाकीचं सगळंही घरात येतं. प्रवासात दगड ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणले होते. मिटून बसलेलं काहीच तेव्हा दिसलं नाही.

अडचण

पहिल्या दहा दिवसांत सगळ्यावर तपकिरी धूळ बसली. वाळू, काच, दगड, काहीच सुटलं नाही. मग दगडांच्या बाजूला गुलाबी-जांभळे डाग दिसू लागले. काचेवर पांढरे वेटोळे आले, दोन-तीन मिलिमीटरचे. स्किमरच्या सावलीत पांढरट, केसाळ, टोकाला भोक असलेले छोटे गोळे. एका दगडावर हिरवा चकचकीत फुगा. तिसऱ्या आठवड्यात खाचांमधून अर्धपारदर्शक तपकिरी काहीतरी मान वर काढू लागलं, पाण्याबरोबर झुलणारं. सुनेने मोजले, तर अकरा. आणि एका लहान दगडाच्या कडेला, जिथे आणताना चिखलाचा थर आहे असं वाटलं होतं, तिथे आता शर्टाच्या बटणांसारखे चपटे तपकिरी गोल उघडले होते. तळहाताएवढा पट्टा.

आजोबा अस्वस्थ झाले. टाकी नासली, असं त्यांनी घरात जाहीर केलं. इमारतीतल्या एका गृहस्थांनी, ज्यांनी पूर्वी कधीतरी टाकी ठेवली होती, एकदम सोपा उपाय सांगितला: सगळे दगड बाहेर काढा, मोठ्या पातेल्यात अर्धा तास उकळा, ब्रशने घासा, परत ठेवा. पातेलं माळ्यावरून खाली आलंसुद्धा. सुनेने त्याआधी मला फोटो पाठवले होते. त्यांत फारसं काही कळत नव्हतं, पण बटणांचा तो पट्टा बघून मी लगेच फोन केला.

"काका, गॅस पेटवू नका. दगड पाण्यातच असू द्या. मी उद्या येते."

"अगं, रोज वाढतंय ते. उद्यापर्यंत सगळीकडे होईल."

"होऊ दे. एका दिवसात टाकी बुडत नाही."

ते थांबले. या प्रकरणातलं पहिलं वळण इथे आहे. उकळण्याचा सल्ला देणारा माणूस वाईट हेतूने बोलत नव्हता. बहुतेक जिवांच्या बाबतीत उकळल्याने दगड नुसता मेला असता, टाकीचं चक्र पुन्हा शून्यावर आलं असतं, आणि नुकसान वेळेचं आणि पैशाचं झालं असतं. पण आपण नेमकं काय उकळतोय हे माहीत नसताना ते बंद स्वयंपाकघरात उकळणं, तेही घरात लहान मूल असताना, यात गोष्ट पैशावर थांबेलच याची खात्री कुणी देऊ शकलं नसतं.

ओळख कशी पटवली

फोटो निरुपयोगी होते, कारण ते निळ्या दिव्याखाली काढलेले. निळ्या एलईडीत प्रत्येक गोष्ट एकतर चमकते नाहीतर काळपट दिसते, खरा रंग कळतच नाही. आधी दिवा पांढऱ्यावर आणला, पॉवरहेड बंद केले आणि पाणी स्थिर होऊ दिलं. काचेवर बाहेरून रुपयाचं नाणं धरून पुन्हा फोटो घेतले, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. मग भिंग, आणि एक लांब प्लास्टिकची काडी. उघडा हात पाण्यात घालायचा नाही, हा नियम त्याच दिवशी घातला.

काडीची परीक्षा अगदी साधी आहे, पण तिने निम्मं काम होतं. तपकिरी धूळ काडीने सहज निघाली आणि दोन दिवसांत परत बसली. हे डायटम. सिलिकाचं कवच असलेले सूक्ष्म शैवाल, जवळजवळ प्रत्येक नव्या टाकीत येतात. गुलाबी डाग खरवडून निघेनात, दगडाइतके टणक. ते कोरलाइन शेवाळ, जे येण्याची लोक महिनोन्‌महिने वाट पाहतात. पांढरे वेटोळे स्पायरॉर्बिड नावाच्या नळीतल्या किड्यांचे. भिंगातून बघितलं की नळीच्या तोंडाशी नाजूक पिसारा दिसतो. पाण्यातले कण गाळून खातात, कुणाच्या अध्यात ना मध्यात. केसाळ गोळे सायकॉन जातीचे छोटे स्पंज, तेही निरुपद्रवी. हिरवा फुगा व्हॅलोनिया. एवढा मोठा दिसला तरी तो एकच पेशी असतो, याचं नातीला फार अप्रूप वाटलं. व्हॅलोनिया पसरला तर डोकेदुखी होते, पण एकुलता एक असताना तो न फोडता मुळापासून उपटून काढला की झालं.

राहिले दोन. इथेच सगळा वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता.

खाचांमधले झुलणारे जीव आणि बटणांचा पट्टा, दोन्ही तपकिरी, दोन्हींना शुंडकं, दोन्ही दिव्याकडे तोंड करून. आजोबांचं म्हणणं, "एकाच जातीचं आहे, एक लहान, एक मोठं." फरक असे दिसले. खाचेतल्याला काडी लावली की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत भोकात गडप होई. शुंडकं लांब, टोकाकडे निमुळती, खोडाच्या मानाने मोठी. प्रत्येक जण स्वतंत्र, शेजाऱ्याशी जोडलेला नाही. हे एप्टेशिया, म्हणजे समुद्रफुलाचीच एक जात, पण टाकीत तणासारखी माजणारी. तिच्या पायाचा एक तुकडा दगडावर राहिला तरी त्यातून नवं समुद्रफूल उभं राहतं. म्हणून घासलं की संख्या वाढते.

बटणं वेगळी निघाली. तबकडी रुंद आणि सपाट, शुंडकं आखूड आणि फक्त कडेला. काडी लागली की हळूहळू मिटत. खाली सगळी एकाच मांसल चादरीने जोडलेली. निर्णायक खूण भिंगाखाली दिसली: त्या चादरीत आणि खोडात वाळूचे कण रुतलेले होते. दिसायला असेच, पण झोअँथस गणातले पॉलिप (फुलासारखे एकेक जीव) असे कण अंगात घेत नाहीत. प्रवाळांचेच नातलग असलेले पॅलिथोआ घेतात.

पॅलिथोआ म्हटलं की पॅलिटॉक्सिन या विषाचा विचार करावाच लागतो. मूर आणि श्यूअर या संशोधकांनी 1971 मध्ये हवाईतल्या पॅलिथोआतून ते वेगळं केलं. आपल्या पेशींभोवतीच्या पातळ पडद्यात सोडियम आणि पोटॅशियमची देवाणघेवाण करणारे पंप असतात. हे विष त्या पंपाला चिकटतं आणि त्याचं सताड उघडं दार करून टाकतं. उकळल्याने ते नष्ट होत नाही. उलट वाफेबरोबर उडणाऱ्या तुषारांतून ते श्वासात जातं. घरगुती टाकीचे दगड उकळताना किंवा गरम पाण्याने घासताना कुटुंबंच्या कुटुंबं रुग्णालयात गेल्याच्या घटना परदेशात नोंदलेल्या आहेत. ताप, खोकला, धाप, तोंडात धातूची चव, अंगदुखी. डोळ्यात उडालं तर बुबुळाला इजा. त्यावर उतारा नाही, लक्षणांवर उपचार करत राहायचं. सगळ्याच पॅलिथोआंमध्ये हे विष सारख्या प्रमाणात नसतं, काहींत जवळजवळ नसतंच. पण कुठल्यात किती, हे डोळ्यांनी बघून कुणालाच सांगता येत नाही.

हे सांगितल्यावर आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी पातेलं परत माळ्यावर ठेवायला सांगितलं.

समोरचे पर्याय

दगड उकळणं बाद झालं. ब्रशने घासणंही बाद: एकीकडे एप्टेशियाचे तुकडे पसरणार, दुसरीकडे पॅलिथोआचा चीक उडणार. उन्हात वाळवून पुन्हा सुरुवात करावी, हा पर्याय सुनेने मांडला. पण पॅलिथोआ वाळले तरी विष लगेच जातं असं धरून चालता येत नाही, आणि गॅलरीत नात खेळते.

पॅलिथोआ टाकीतच ठेवावेत का? हा पर्याय मी गंभीरपणे मांडला, कारण अनेक जाणते लोक ते वर्षानुवर्षं ठेवतात. न दुखावलेला पॉलिप स्वतःहून कुणाच्या अंगावर येत नाही. हातमोजे, चष्मा, आणि दगडाला न चेंगरणं एवढी शिस्त पुरते. पण ही शिस्त घरातल्या प्रत्येकाला, रोज, पाळता यायला हवी. मुलगा म्हणाला, "बाबा अजूनही टाकीत हात घालून वाळू सारखी करतात, विचारा त्यांना." आजोबांनी ते नाकारलं नाही. त्यावरच प्रश्न मिटला.

मग तो दगड काढायचा, हे ठरलं. पण काढून करायचं काय? कुणीतरी म्हणालं, खाडीत सोडून द्या, समुद्राचंच आहे. याला मी ठाम विरोध केला. टाकीतला जीव कुठल्या समुद्रातून आला हे आपल्याला माहीत नसतं, त्याच्याबरोबर कुठले रोग आणि उपरे जीव आहेत हेही नाही. टाकीतलं काहीही खाडीत किंवा समुद्रात सोडू नये. मारून टाकणं शक्य होतं, ब्लीचच्या द्रावणात. सुनेला ते रुचत नव्हतं. "त्यांचा काय दोष?" असं ती म्हणाली, आणि मला ते पटलं. पॅलिथोआ सांभाळणारा, त्यातला धोका जाणणारा एक अनुभवी माणूस मुंबईत होता. तो घ्यायला तयार झाला, आणि मारण्याचा पर्याय आपोआप मागे पडला.

एप्टेशियासाठी तीन वाटा होत्या. पेपरमिंट कोळंबी ते खाते, पण टाकीत अजून नायट्राइट होतं, कोळंबी मेली असती. शिवाय दुकानांत तिच्या नावाखाली कॅमल कोळंबी गळ्यात मारली जाते, जी एप्टेशियाला तोंड लावत नाही. बर्गिया नावाची समुद्री गोगलगाय फक्त एप्टेशियाच खाते, पण ती सहज मिळणारी नव्हती, आणि अकरा एप्टेशिया संपल्यावर ती उपाशी मरणार. तिसरी वाट चुन्याची: कॅल्शियम हायड्रॉक्साइडची घट्टसर पेस्ट सिरिंजने सरळ तोंडावर सोडायची. आजोबांनी लगेच विचारलं, "पानाचा चुना चालेल?" मूळ पदार्थ तोच, पण पानाच्या चुन्यात इतर काय मिसळलंय याची खात्री नसते, म्हणून शुद्ध पूड आणली.

काय केलं

पॅलिथोआचा दगड काढायच्या दिवशी नातीला मामाकडे पाठवलं. खिडक्या उघड्या, पंखा बंद. कोपरापर्यंत हातमोजे, डोळ्यांवर बंद चष्मा, तोंडावर मास्क. दगड पाण्याबाहेर न काढता पाण्याखालीच जाड पिशवीत सरकवला, त्यातच पाणी घेऊन तोंड बांधलं, मग दुसरी पिशवी, मग झाकणाचा डबा. संध्याकाळी तो नव्या घरी पोचला. वापरलेली काडी आणि हातमोजे गॅलरीत ब्लीचच्या द्रावणात बुडवून ठेवले. इथे एक गोष्ट बजावून सांगितली होती: त्या बादलीत व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल जाता कामा नये, कारण त्यातून क्लोरीन वायू सुटतो. टाकीत सक्रिय कोळशाची पिशवी टाकली आणि दुसऱ्या दिवशी पाचवा हिस्सा पाणी बदललं.

एप्टेशियाला चुना एका वेळी तिघा-चौघांनाच. पॉवरहेड बंद करायचे, सुई तोंडाजवळ सावकाश न्यायची, मिटायच्या आत पेस्ट सोडायची, पंधरा-वीस मिनिटांनी पंप चालू. चुन्याने पाण्याचा पीएच चढतो, म्हणून प्रत्येक वेळी आधी आणि नंतर मोजायचा आणि 8.5 च्या वर दिसला तर त्या दिवशी थांबायचं. आजोबांचा हात या कामात उत्तम बसला.

डायटमसाठी काहीच औषध घातलं नाही. फक्त आरओतून येणारं पाणी तपासलं तर टीडीएस मीटरने (विरघळलेले क्षार मोजणाऱ्या उपकरणाने) 38 दाखवलं. पुढे उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनची नळी जोडल्यावर आकडा शून्यावर आला. दुकानदाराने शेवाळनाशकाची बाटली पुढे केली होती, ती घेतली नाही. स्पंज, स्पायरॉर्बिड आणि कोरलाइन यांना हात लावला नाही.

काय झालं

डायटमचा थर पुढच्या तीन-चार आठवड्यांत ओसरला. नायट्राइट शून्यावर आलं. कुणालाही कसला त्रास झाला नाही.

एप्टेशियाचं मात्र एका फेरीत आटोपलं नाही. अकरांपैकी तीन पुन्हा उगवले, शिवाय दोन नवे, त्यांतला एक ओव्हरफ्लोच्या (जादा पाणी बाहेर पडण्याच्या वाटेच्या) जाळीमागे, जिथे सुई पोचतच नाही. चक्र बसून पाण्याचे आकडे स्थिर झाल्यावर दोन पेपरमिंट कोळंब्या आणल्या. दुकानातच पट्ट्या नीट बघून घेतल्या: कॅमल कोळंबीच्या पाठीला कुबड असतं आणि अंगावर ठळक पांढऱ्या रेघा असतात. पहिले काही दिवस त्यांनी एप्टेशियाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, कारण आजोबा त्यांना रोज खाऊ घालत होते. खाणं आवरल्यावर फरक पडला. चौथ्या महिन्यात दर्शनी दगडांवर एकही दिसत नव्हता. जाळीमागचा आहे. तो राहील असं धरूनच चाललं आहे. टाकीत आता दोन क्लाउनफिश आहेत, आणि मागच्या काचेचा बराचसा भाग गुलाबी झाला आहे.

वेगळं काय करता आलं असतं

दगड थेट मुख्य टाकीत न घालता आधी वेगळ्या टबात ठेवले असते तर बरंच सोपं झालं असतं. हीटर, एक पॉवरहेड, मंद पांढरा दिवा, तेच खारं पाणी, तीन-चार आठवडे. मिटलेले जीव तिथे उघडतात आणि प्रत्येक दगड चारी बाजूंनी पाहता येतो. तळहाताएवढा पट्टा तेव्हाच सापडला असता. आजोबांनी घाई केली ती जागेअभावी. टब ठेवायला घरात कोपरा नव्हता, हे खरंच आहे.

विकणाऱ्याला दगडाचा उगम विचारला, पण त्याच्या टाकीत कुठकुठले प्रवाळ आणि पॉलिप होते हे विचारलं नाही. विचारलं असतं तर पॅलिथोआचं नाव पहिल्याच दिवशी कळलं असतं, कारण नंतर फोन केल्यावर त्याने ते सहज सांगितलं.

एप्टेशिया तिसऱ्या आठवड्यात दिसले, चुना पाचव्यात लागला. मधला वेळ पॅलिथोआत गेला. क्रम हाच योग्य होता असं माझं मत आहे, जरी त्या काळात दोन नवे उगवले. सुनेचं मत वेगळं आहे: दोन कामं दोन वेगळ्या दिवशी, पण एकाच आठवड्यात, करता आली असती. तिच्या वहीतल्या तारखा बघता ते चुकीचं वाटत नाही.

आणि एक व्यवस्था आधीपासून हवी होती. दगडांचं काम करताना ताप, धाप किंवा डोळ्यांची आग सुरू झाली तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात काय सांगायचं, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. लक्षणं फ्लूसारखी असतात, त्यामुळे कारण निसटतं. आता टाकीच्या स्टँडच्या दाराला आतून एक चिठ्ठी चिकटवली आहे. तिच्यावर ठळक अक्षरांत "पॅलिटॉक्सिन, सागरी टाकी" आणि त्याखाली जवळच्या रुग्णालयाचा नंबर.